दोन चिरे

दाभोळच्या जेटीवर रेंज मिळते,
धोपाव्याची फेरीबोट सुटली की थोडी जास्तच, असा माझा समज.
तिथं उभी राहून मी दर बघते.
कुवेती दिनार, दोनशे एकाहत्तर रुपये चाळीस पैसे.
काल वीस होते.
सातवीत गणितात नापास झालेली बाई मी,
आता पैशांतला फरक मला
डाळीतल्या खड्यासारखा दिसतो.

जुम्म्याला तुझा फोन येतो, मंगाफच्या एक्स्चेंजमधल्या रांगेतून.
मागे कुणी मल्याळी भांडत असतो, कुणाचं तरी नाव पुकारत असतात.
विचारतोस, आज टाकू?
मी म्हणते, थांब, अजून चढेल.
तू रांग सोडतोस.
ती रांग मी कधी पाहिली नाही,
पण तिच्यातून तुला
कितीदा बाहेर काढलंय.

दोनशे दिनारवर चाळीस पैसे चढले
की ऐंशी रुपये.
ऐंशी रुपये म्हणजे दोन चिरे,
रत्नू भुवडच्या खाणीवरचे, घरपोच.
हमीदा होडेकर हसते, ऐंशी रुपड्यांसाठी एवढा जीव टाकतेस?
तिचा नवरा कतारला, एक तारखेला डोळे मिटून पैसे टाकतो.
तिच्या परसाला अजून निवडुंगाचं कुंपण आहे.
माझी भिंत कमरेपर्यंत आली.

टीव्हीवर रुपया पडला
की तो टायवाला माणूस तोंड पाडून बोलतो,
आणि आमच्या मोहल्ल्यात मटण शिजतं.
हे कुणापुढे बोलायचं नसतं.
सासरे मस्कतला होते तेव्हा ड्राफ्ट यायचा रजिस्टरनं,
पोस्टमन चहा घेतल्याशिवाय उठत नसे.
दर कोण ठरवतं, मी एकदा विचारलं,
तर म्हणाले, वर अल्ला, खाली बँक,
आपण मधे सही करायची.

परवा मात्र मंगळवारी फोन आला.
मी सोडे निवडत होते, फोन खांद्यात धरलेला.
तू म्हणालास, तीन वर्षं भरतायत,
कंपनी विचारते, करार वाढवायचा का.
मग जरा थांबून,
येऊ का परत?
आणि माझ्या तोंडून निघालं,
थांब, अजून चढेल.

सवयीनं. खरंच सवयीनं.
तू हसलास. मीही हसले.
मग तुझ्याकडचा एसी ऐकू येत राहिला,
इथं मांजर सोड्यांपाशी आलं,
एक उचलून घेऊन गेलं,
मी हाकललं नाही.

रात्री वही काढली.
थांबून थांबून मिळवलेले, तीन वर्षांचे,
सहा हजार चारशे तीस.
म्हणजे एकशे साठ चिरे, आणि तीस रुपये सुटे.
म्हणजे अख्खी भिंत.
एवढ्याला तीन वर्षांच्या दिवसांनी भागलं तर
एका दिवसाला किती येतात,
तो भागाकार मी केला नाही.
येतो मला. केला नाही.

या जुम्म्याला दर घसरला, पंचावन्न पैशांनी.
तू विचारलंस, थांबू ना?
म्हटलं, टाक.
अगं, पडलाय.
पडू दे. टाक, आणि नीघ त्या रांगेतून.
एवढंच बोलले. पुढचं बोलायला
जेटीवर माणसं फार होती,
आणि फेरीबोट लागत होती.

रत्नूचा टेम्पो दारात आला सकाळी.
परत पाठवला.
तो म्हणाला, भाभी, अजून दोन थर चढवा,
नाहीतर गुरं उडी मारतील.
मारू देत.
एवढ्या उंचीची बरी आहे.
चुलीपाशी बसूनही
रस्त्यानं येणाऱ्या माणसाचं डोकं दिसतं.